नागीण

सोहारच्या दवाखान्यात पारकरचाचा सदरा वर करतात.
बरगडीपासून पाठीकडे फोडांची ओळ.
"तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, खरं का?"
नाही, चाचा. या तुमच्या जुन्या कांजिण्याच.

"त्या? दापोलीत, सातव्या वर्षी?
आईने कडुलिंबाचा पाला अंथरलेला. गेल्या की!"

गेल्या नव्हत्या.
मणक्याशेजारी, नसेच्या मुळाशी
बसून राहिल्या, न खाता, न श्वास घेता.
मेल्या म्हणवत नाही.
जिवंत तरी कशा म्हणू?

चाचा हसतात. कळ येते, थांबतात.
"म्हणजे बावन्न वर्षं
बिनव्हिशाच्या राहिल्या माझ्यात."

बाहेर अठ्ठेचाळीस अंश.
गोळ्या देताना मी सांगते, झोपतील परत.
ते सावकाश बटणं लावतात.
"पाल्याचा वास येतोय," म्हणतात,
"काल रात्रीपासून."