चादरीची दुसरी बाजू

राजीनामा दोन ओळींचा.
लिहायला मला मार्च ते ऑगस्ट लागले.

मार्चमध्ये मिर्ताचं ऑपरेशन, पित्ताशयात खडे.
ती परत येईतो थांबू म्हटलं.
मेमध्ये फ्लू आला, वॉर्ड भरले,
तळघरात आमच्या ढकलगाड्या उतू जायला लागल्या.
अशात कोण जातं?
जूनमध्ये तीन नंबरचं मशीन बसलं,
आणि त्याची नाडी फक्त मलाच सापडते.

पुन्ता अरेनासच्या इस्पितळाची ही धुलाई.
खिडकी एकच, छताला लागून,
तिच्यातून दिसतात रस्त्यावरचे नुसते पाय,
वाऱ्याला रेटत जाणारे.
एकोणीस वर्षं मी गाव गुडघ्यांखालीच पाहिलं.
आता शहराबाहेर, काचेच्या घरात
टोमॅटो वाढवणारी एक बाई मला बोलावते आहे.
पगार कमी. पण उजेड.

साहेबांना कारण नको होतं, तारीख हवी होती.
ती मी आधी ओविदियोला विचारली,
मग त्यांना सांगितली.
(हा क्रम चुकीचा, असं ते म्हणाले.)

मग वही. शाळकरी, चौकटींची.
तीन नंबरचं दार खांद्यानं लोटा, गुडघ्यानं नाही.
मुलांच्या वॉर्डातल्या चादरींना ब्लीच अर्धंच,
कागदावर काहीही असो.
रक्त: थंड पाणी. कितीही घाई असली तरी थंडच.
तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा
घरून आणलेली उशी परत मागतील.
द्या. नोंद नको.
ओविदियोचा चष्मा कायम घरी,
म्हणून त्याच्यापुरती चित्रं काढली.
इस्त्रीचं मशीन गाईसारखं दिसतंय, तो म्हणाला,
पण कळलं.

मोठ्या चादरीला माणसं दोन लागतात.
दोन-दोन टोकं धरायची, ताणायचं, झटकायचं,
चालत एकमेकांकडे यायचं,
आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची
आणि वाकून खालची घडी उचलायची.
मिर्ता आणि मी, दिवसातून दोनशे वेळा.
आईनंसुद्धा माझा चेहरा
इतक्या जवळून इतक्यांदा पाहिला नसेल.
भीती तिचीच होती:
मी सोडलं की एक बाजू लोंबणार,
बसलेली घडी विस्कटणार.

माझ्या जागी आला येर्को. विशीतला,
कानात सतत काहीतरी खुपसलेलं.
मी त्याला टोकं धरायला शिकवली.
चौथ्या दिवशी त्यानं चादरीची एक बाजू
टेबलाच्या कडेला दोन चिमट्यांनी अडकवली
आणि एकट्यानं घडी घातली.
माझ्याहून सरळ.
मिर्तानं बराच वेळ ओठ दाबून धरले. मग म्हणाली,
"एकोणीस वर्षं, यास्ना.
चिमटे इथेच होते."

सगळे हसले. मी जरा कमी.

वहीचं शेवटचं पान कोरं ठेवलं होतं,
काही राहिलं तर असावं म्हणून.
तिथे आता येर्कोचं अक्षर:
चिमटे वरच्या फळीवर.

निघताना मिर्ता म्हणाली, एक घालू या. हातानं.
चादर अजून कोमट होती.
ताणली, झटकली, चाललो,
माझी टोकं तिच्या हातात दिली,
आणि सवयीनं वाकायला गेले तर म्हणाली,
"राहू दे, खालची मी उचलते."

जिना चढून बाहेर आले. वारा.
खिडकीपाशी उगाच उभी राहिले,
तर खालून कुणीतरी काठीनं काच वाजवली.

बूट ओळखले त्यांनी.