झाडावर किती

पालद्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
अजून पौष चालू आहे.
बाहेर फाल्गुनाच्या उन्हानं स्कूटरची सीट तापलेली,
आत दिवा लावला की तोंडाची वाफ दिसते
आणि भिंतीशी आमच्या चारशे बारा पेट्या,
निळ्या रंगात आडनावाचा ढ लिहिलेल्या,
ठेवल्या तशाच.

तशाच नाहीत. एक उघडून बघितली.
हिरवट ठेवली होती ती पिवळीधमक झालीत,
साल पातळ,
शंभरात चार-पाचांना बुरशीची टोपी.
भाडं पेटीमागे महिना बावीस रुपये.
म्हणजे ही लिंबं झोपेतसुद्धा खातात.

दादा म्हणतो, चैत्र लागू दे.
मी म्हणते, आत्ता.
आमच्या घरात भांडण ते एवढंच,
तेही जेवताना,
दोघांच्या ताटात घरचीच फोड.

मंडीत टेकचंद सेठ लिंबू नाकाला लावत नाहीत.
कानाशी नेऊन दाबतात,
जसं काही आतून कुणी कबुली देणार आहे.
मग मालाचं, भावाचं राहू देतात बाजूला आणि विचारतात,
"पेड़ पे कितना है, ताई?"

सगळा व्यवहार या प्रश्नाशी येऊन थांबतो.
झाडावर लगडलं असेल तर पेटीतलं पाण्याच्या भावानं.
झाडावर नसेल तर पेटीतलं सोनं.

झाडावर काय होतं ते मला पाठ होतं.
सकाळीच ओळीओळीनं फिरून आले होते,
चपलांना आळ्यातला काळा चिखल अजून ओला.
हस्त बहर बोराएवढा, झुपक्यात पाच-पाच,
त्याच फांदीच्या टोकाला आंबे बहराच्या पांढऱ्या कळ्या,
टेकू द्यायला बगदीरामला बांबू सांगून ठेवलेले.
सात वर्षांत अशी झाडं नव्हती.

म्हटलं, "कुछ नहीं है, सेठजी.
माघ की ठंड में सब झड़ गया."

फार सोपं गेलं.
आवाजसुद्धा आपोआप पडला.
शेजारच्या गाळ्यावरचा हमाल पाठीवरच्या पोत्यासकट थांबला,
च् च् करून पुढे गेला.

पेटीमागे पंच्याऐंशी रुपये जास्त.
चारशे पेट्या त्यांनी घेतल्या, उरलेल्या बारा,
डागाळ, बारीक,
शनिवारची लिंबू-मिरची ओवणारा एक पोऱ्या घेऊन गेला.
त्याला रसाशी काही देणंघेणं नसतं,
नगाशी असतं.

घरी सांगितलं तेव्हा दादा हसला, हिशेबाची वही मागितली.
आईनं निवडत होती ती मेथी खाली ठेवली.
"साऱ्या इंदूरची दृष्ट आपल्या लिंबांनी निघते.
आणि तू आपल्याच झाडांना..."
वाक्य अर्धंच राहिलं.
मग मेथी पुन्हा उचलून, माझ्याकडे न बघता,
"आता यांची कशानं काढायची?"

रंगपंचमीला मंडी बंद.
राजवाड्यावर गेर निघाली असेल,
बगदीराम दुपारी बांबू घेऊन आला तो
कानांच्या पाळ्या गुलाबी घेऊनच.
रात्री वारा सुटला.
मी पडल्या पडल्या गळणारी मोजत होते.
बोराएवढ्या लिंबाचा आवाज होत नाही,
तरी मोजत होते.

सकाळी आळ्यांतून वेचली. पदरभर.
दर वर्षी गळतात तितकीच असतील,
किंवा थोडी जास्त.
सांगता येत नाही,
गेल्या वर्षी मी वेचली नव्हती.

पहिला टेकू लावताना बगदीराम विचारतो,
"कितरो उतरेगो, बई?"

आसपास कुणी नाही. मंडी वीस किलोमीटर लांब.
फांदी माझ्या खांद्यावर, चांगलीच जड,
एक काटा ब्लाउजच्या बाहीत अडकलेला.

आकडा ओठांवर येतो.
बांबू खोल रोव, म्हणते,
अजून खोल.