चौदा रात्रींचा नियम

कोल्बी ओढा जिथे नदीला मिळतो
तिथे आमची एकोणीस तंबूंची जागा.
वीज नाही. नळ नाही, हापसा आहे,
त्याच्या पाण्याला गंजक्या खिळ्याची चव.
पैसे पाकिटात घालून
लोखंडी पेटीत टाकायचे, विश्वासावर.
पेटीची किल्ली माझ्याकडे.
उन्हाळ्यात सायकली, कुत्री, रडकी पोरं;
ऑक्टोबरात मी
आणि वासाला न भिणारे एकदोघे.

कारण ऑक्टोबरात नदी घाण मारते,
खोटं कशाला सांगू.
सॅमन समुद्रातून वर चढतात, अंडी घालतात, मरतात,
आणि दगडांच्या सांदीत अडकून राहतात,
डोळे आधीच पाखरांनी नेलेले.
सीडरच्या बुंध्याशी अस्वलानं टाकलेलं अर्धं धड
मी फावड्यानं उचलत नाही आता.
पहिल्या वर्षी उचलायचे.

त्या साली सात नंबरात एक म्हातारा.
आर्व्हिड लुंडक्विस्ट. पाकिटावर नाव
रस्त्याच्या पाटीवर असतं तशा चौकोनी अक्षरांत.
ताडपत्री, कॉफीचं काळं पातेलं,
आणि धूर, धूर, नुसता धूर; लाकडं ओली.
पंधराव्या सकाळी मी गेले.
म्हटलं, चौदा रात्रींच्या वर राहता येत नाही,
पाटीवर लिहिलंय.
“वाचलं,” म्हणाला,
आणि माझ्यादेखत मेखा उपटून
आठ नंबरात ठोकल्या.
पाकीट नवं. तारीख नवी.
हे नियमात बसतं की नाही
मला अजून नक्की माहीत नाही.

रोज उजाडता तो घडीची खुर्ची घेऊन निघायचा,
नदीकडे नाही. नदीत मासे मावत नव्हते.
ओढ्याकडे, रिकाम्या.
रस्त्याच्या नव्या पुलाखाली बसून
पाण्याकडे बघायचा,
दवाखान्यात माणूस बंद दाराकडे बघतो तसा.

गुरुवारी लवर्न जेम्स आली,
इथल्या मूळ लोकांच्या मत्स्यखात्यातली,
कमरेपर्यंत रबरी बूट, मुठीत मोजणीचं यंत्र,
अंगठा दाबला की टिक.
तिच्या भाषेत ह्या ओढ्याला वेगळं नाव आहे.
तिनं ते मला दोनदा शिकवलं,
माझ्या जिभेला वळलं नाही.

आर्व्हिड खुर्चीतून उठला नाही. म्हणाला,
“इथला पाइप मी घातला होता. एकाहत्तर साली.
रस्ताखात्यात होतो.
तोंड पाण्यापासून हातभर वर राहिलं.
मुकादम म्हणाला, चालतंय.
मी म्हटलं, चालतंय.”
थांबला.
“हातभर म्हणजे माशाला काय!
पण खाली डोह नाही, तर उडी घ्यायची कुठून?”

पाइप गेल्या वर्षीच उपटला होता.
मधली किती वर्षं, ते कुणी मोठ्यानं मोजलं नाही.
लवर्ननं हातमोज्यानं नाक पुसलं.
मग यंत्र त्याच्या हातात ठेवलं:
“मला वरच्या वळणावर जायचंय.
चढणारा मोजायचा. वाहून आलेला नाही.”

मी लाकडं द्यायला गेले होते.
तीन वाजले असतील.
पाणी एका जागी फुगलं,
एक लाल पाठ, कल्ल्यापाशी फाटलेली,
पुलाच्या सावलीत जराशी थबकली,
मग गेली वर,
जिथे पाइप होता तिथून,
जणू तिथे कधी काही नव्हतंच.

खुर्ची पडली. तो उभा.
अंगठा यंत्रावर, थरथरत.
“दाबा ना,” मी म्हटलं.
“थांबा,” तो कुजबुजला,
“आवाज होईल.”

संध्याकाळी लवर्ननं यंत्र पाहिलं: शून्य, शून्य, शून्य.
त्यानं एक बोट वर केलं.
तिनं वहीत लिहिलं,
माझ्या पेनानं, तिचं भिजलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेखा निघाल्या.
पाच रात्री शिल्लक होत्या,
पैसे त्यानं परत मागितले नाहीत.