हागारच्या नातवाचं गाव

तबूकहून निघालं की तीनेक तासांनी
खजुरांची एक काळपट रेघ दिसते.
पाटीवर तैमा.
वडिलांच्या तोंडी ते तेमा होतं.
रेवदंड्याला शुक्रवारी दिवा लागला
की वाचायला बसत, ओळीवर बोट धरून,
मराठीतून, म्हणजे आम्हा पोरांना कळावं.
इश्माएलची बारा पोरं
ते बाजारच्या यादीसारखी म्हणत.
तेमा नववा.

मी इथं पंप दुरुस्त करतो.
रजिस्टरात नाव एस. पेणकर.
एस म्हणजे काय, अकरा वर्षांत कोणी विचारलं नाही,
मीही सांगायला गेलो नाही.

बाबेलचा एक राजा राजधानी सोडून
या गावात दहा वर्षं राहिला म्हणे.
का, ते धड कोणाला ठाऊक नाही.
त्याच्यापेक्षा माझं एक वर्ष जास्त भरलं.

गावात जुनी विहीर आहे, हद्दाज,
आपल्या दहा विहिरी पोटात मावतील एवढी.
काठाला लाकडी रहाट. पूर्वी उंट ओढायचे,
सरळ लांब जायचे, मोट वर आली की सरळ मागे.
आमच्या पणज्याच्या घाण्याचा बैल गोल फिरायचा
आणि शनिवारी मोकळा असायचा.
उंटांना सुटी होती की नाही, विचारायचं राहिलं.

हागारचं पाणी संपलं तेव्हा
तिनं पोराला झुडपाखाली टाकलं, आणि लांब जाऊन बसली,
मरताना बघवणार नाही म्हणून.
ते पोर जगलं. त्याच्या पोराचं हे गाव.
म्हणून इथं विहीर असणारच, असं वडील म्हणत,
जसं काही त्यांनीच खणून घेतली होती.

ईयोब म्हणतो, तेमाचे तांडे
पाण्याच्या आशेनं ओढ्यापाशी आले
आणि कोरडा बघून खजील झाले.
लहानपणी मी भांडायचो, ते का खजील?
ओढ्याला नको का लाज वाटायला?
वडील पान उलटायचे.

आणि यशयाकडे या गावाला एकच काम आहे:
तलवारीपुढून पळत येणाऱ्याला
पाणी घेऊन, भाकर घेऊन सामोरं जायचं.

गेल्या ऑगस्टात, सव्वादोन वाजता,
तीन नंबरच्या बोअरवर एक जण आला.
शेळ्यांमागचा असावा. पायात दोन वेगळ्या चपला,
ओठ फुटून काळे. दोन रात्री चालत होता.
पासपोर्ट मालकाच्या कपाटात, मालक गाडी घेऊन मागावर.
पळालेल्याला थारा दिला तर तुझंही तिकीट काढतील,
हे फोरमननं आम्हाला तीनतीनदा ऐकवलेलं.

मी गेजकडे बघत राहिलो.
काटा सहावर होता.
किती वेळ बघत राहिलो ते सांगणार नाही.

मग हेल्मेट उलटं केलं, नळीखाली धरलं.
तो प्यायला, ओकला, परत प्यायला.
डब्यात दोन खुबुस होते, लोणच्याचा खार लागलेले.
दुसरा त्यानं कमरेला बांधला.
म्हणाला, मोतालेब. कुरिग्राम.
माझ्याकडे बघत थांबला.
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा
मी पूर्ण नाव सांगितलं: शालोम.
त्याला सलाम ऐकू आला.
वालेकुम, म्हणाला, अगदी अदबीनं,
छातीवर ओला हात ठेवून.

अंधार पडल्यावर हाइलच्या दिशेनं गेला.
पोचला का, माहीत नाही.

वडील असते तर त्यांना एवढंच विचारलं असतं:
पुस्तकात सामोरं जा म्हटलंय.
मी तर जागचा हललो नव्हतो,
तोच चालत आला शेवटपर्यंत.
हे धरतात का?

त्यांनी पान उलटलं असतं.
हेल्मेट तेच वापरतो अजून. आतला पट्टा
त्या दिवशी भिजला तो आक्रसलाय,
कपाळाला जरा घट्ट बसतो.