नीळ

धंतोलीत दुसऱ्या माळ्यावर, मे महिन्यात,
कूलरच्या वाळ्याचा वास जिन्यापर्यंतच येतो.
आत एसी, आत मी,
आणि सेंट्रिफ्यूजची घरघर थांबल्यावर
पिशवीत वर उरलेलं हे पिवळं पाणी.
जरीपटक्याच्या कुण्या लालवाणीनं
दुकानाचं शटर ओढून, येऊन दिलेलं.

फॉर्मवर त्यानं सगळं खरं लिहिलं.
कावीळ? नाही. ताप? नाही. गोंदण? नाही.
खऱ्या माणसाच्या रक्तातही
त्याला न विचारता कुणी राहायला आलेलं असतं,
चाचणीला दिसण्याइतकं मोठं व्हायच्या आधी.

नळीत निळीची एवढीशी गोळी,
तिच्यावरून प्लाझ्मा वाहतो
आणि पिवळ्यात निळं मिसळून पिशवी हिरवी होते,
कच्च्या संत्र्याच्या सालीसारखी.
मग तिला ट्रेवर निजवते, झाकण लावते.
लाल उजेड, वरून आणि खालून.
ट्रे हलत राहतो, पाळण्यापेक्षा जरा घाईनं.
नीळ विषाणूच्या पोटातल्या पोथीला चिकटते,
उजेड पडला की पानं फाटतात,
आणि तो स्वतःला पुन्हा कसं लिहायचं
ते विसरतो.

माझा बाप परीट.
नाग नदी काळी पडल्यावर फुटाळ्याला,
तिथनं उठवल्यावर जयताळ्याच्या सिमेंटच्या हौदावर.
आधी नीळ, मग ऊन.
दवाखान्याच्या चादरी दोरीवर टाकताना म्हणायचा,
"उनासारका धुनारा कोनी नाई."

भोजराजचं रक्त थांबायचं नाही.
गुडघा आपटला की नारळाएवढा.
फॅक्टरची एक बाटली म्हणजे बापाचं चार महिन्यांचं धुणं,
म्हणून प्लाझ्मा. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव,
पिशवीमागून पिशवी.
त्यातल्या एकीत होतं ते.
कोणत्या, कुणालाच माहीत नाही.
देणारा भला माणूस असणार,
दोन बिस्किटं खाऊन, कॉफी पिऊन
सायकलवर घरी गेला असणार.
भाऊ पोट फुगून गेला, तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी.
विकायचे लाकडी बैल रंगवून झाले होते,
शिंगं तेवढी राहिली होती.

त्या सायकलवाल्याला मी खूप वर्षं शिव्या दिल्या.
आता रोज संध्याकाळी त्याच्यासारख्यांना म्हणते,
हळू उठा, चक्कर येईल.

हे मशीन आलं तेव्हा बापाला सांगितलं.
त्यानं इस्त्री उभी केली.
"नीय टाकता? मानसाच्या रक्तात?"
हो बाबा, अगदी नावापुरती.
"मंग काडता कशी? जास्त झाली का डाग राह्यते."
गाळणी असते. गाळलं की पुन्हा पिवळं.
"धुतलं का कापड झिजतेच थोडं."
हेही झिजतं, मी म्हटलं.
रक्त धरून ठेवायचं बळ जरा कमी होतं.
आणि काही विषाणू असे चिवट
की उजेडालाही जुमानत नाहीत.
तेही सांगितलं. त्याच्याशी खोटं बोलून
आजवर कुणाचा डाग लपला नाही.

बराच वेळ तो कोळशाकडे बघत राहिला.
"तवा नोतं का हे?"
इथं नव्हतं, बाबा.
त्यानं इस्त्री उचलली, कॉलरवर फिरवली.
कॉलर आधीच झाली होती.

टायमर वाजतो. पिशवी खुंटीला टांगते.
निळं गाळणीत अडकतं, खाली थेंबाथेंबानं
हळदीनंतर दोनदा धुतलेल्या लुगड्याचा रंग जमतो.
रस्त्यावर शेवटचा ऑटो कुणाला तरी
मेडिकल, मेडिकल म्हणून विचारतोय.
मी लेबल लावते: गट, तारीख, माझी सही.
फ्रीजर उघडला की चष्म्यावर धुकं धरतं,
म्हणून पिशवी बोटांनी चाचपून आत ठेवते,
इतर पिशव्यांना लागून.
घेणाऱ्याचं नाव अजून कुणाचंच नाही.