धडा

लुमेझानेत, दरीच्या सावलीकडल्या अंगाला,
पितळी नळांना चकाकी देणारं वर्कशॉप.
सकाळचे सात. बाहेर उणे चार.
यंत्राचा हात अधांतरी, कशालाही न टेकलेला,
आणि पडद्यावर आकडा: तीन पूर्णांक एक न्यूटन.

"कुणाला दाबतोय हा?" ओर्नेलानं विचारलं.
कुणालाच नाही.

मग आम्ही त्याचा धडा केला.
तेल घेण्याआधी रिकामं भांडं तोलावं
तसा त्याचा पंजा सहा तऱ्हांनी वळवला,
पालथा, उताणा, कुशीवर,
आणि दर खेपेला विचारलं:
तुझं स्वतःचं ओझं किती?
सहाही उत्तरं वहीत. वजाबाकी.
उरला दीड.

दीडातला एक निघाला हवेच्या नळीचा.
ती मनगटाला मागून ओढत होती,
बाजारात हट्टाला पेटलेल्या पोरासारखी.
खांद्याशी क्लिप मारली, तिला ढील दिली.
राहिला अर्धा. तो थंडीचा होता.
मोटर तापेपर्यंत धातू आखडलेला;
चाळीस मिनिटांनी आपसूक निवळला.
तेवढ्यात आमची कॉफी दोनदा झाली.

शून्य.
किती राबावं लागतं शून्यासाठी.

एर्मेते मागे उभा होता.
एक्केचाळीस वर्षं बफच्या चाकाला नळ लावले त्यानं,
पितळ करपायच्या आत हात उचलायचा, एवढंच शास्त्र.
यंत्राला किती जोर द्यायचा ते त्यालाच विचारून ठरलं.
हिवाळ्यात त्याची बोटं पांढरीफटक पडतात,
चाकाची थरथर हाडांत मुरलेली;
कोटाची बटणं नात लावून देते.

त्यानं डोळे मिटून सेन्सरवर अंगठा टेकवला.
"दहा," म्हणाला.
सतरा.
पुन्हा. "दहा."
अठरा.
ओर्नेलानं पडदा जरासा वळवला,
पण त्यानं पाहिलं होतं.

अंगठा चोळत म्हणाला,
"या पोराचा केलात,
आता माझा धडा कोण करणार?"

कुणी काही बोललं नाही. पट्टा फिरत होता.
यंत्राखालून पहिला नळ आला, अजून कोमट.
त्यानं तो उचलला, बोटांनी चाचपला नाही,
खालच्या ओठावरून सावकाश फिरवला.
"इथे. वाकणाशी. जास्त घासलंय."

वाकणाशी आम्ही पाव न्यूटन उतरवला.
वहीत दुरुस्तीपुढे रकाना असतो: कशाने मोजले.
ओर्नेला पेन धरून थोडा वेळ थांबली,
मग लिहिलं: ओठ.