किती वाजता लागलं?

नळ सोडून ओकत होता भूमेश,
घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.
पण तीस वर्षं लुमांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला
आवाजाच्या आडचं बरोबर ऐकू येतं.

"काही नाही नाना, भजी बाधली."
बाहेर आला तो वाकून,
मांड्या जुळवून, एकेक पाऊल मोजत.
ती चाल मी ओळखतो.
ती माझी आहे.

अक्कलकोट रोडचं शेड. याच्या जन्माच्या आधीची गोष्ट.
लुमातून धोटा सुटला
आणि बसला नेमका तिथं.
मल्लेशम हसला. मीही हसलो.
तंबाखूची चिमूट, तांब्याभर पाणी,
आणि पाळी पुरी केली.
सांगणार कुणाला? मुकादमाला?
का दोन महिन्यांच्या नव्या बायकोला?
तीन दिवस हळदीचा लेप. चौथ्या दिवशी ताप.
पाचव्या दिवशी डॉक्टर माझ्याकडे न बघता
बापाला म्हणाले, एक काढावं लागेल.

उरलेल्या एकावर संसार झाला, हा भूमेश झाला.
त्याची तक्रार नाही.
तक्रार त्या पाच दिवसांची आहे.

"बॉल लागला का बे?"
मान खाली.
"कधी?"
"मगाशी. ग्राउंडवर."
"मगाशी म्हणजे किती वाजता?"
"सव्वासात."
घड्याळात पावणेदहा.

लागतं पोरांना. डोळ्यांपुढं काजवे चमकतात,
पोरगं मातीत बसतं, बाकीचे खिदळतात,
अर्ध्या तासानं ते पुन्हा बॅट मागतं.
ते दुखणं घरी आणायचं नसतं.
पण हे तर अडीच तास मुक्कामाला होतं,
वर मळमळ घेऊन आलेलं.
"एक बाजू फुगलीय का? वर ओढल्यासारखी?
लघवी लाल झाली?"
असं काही मी माझ्या पोराला
विचारलं नव्हतं कधी.
लाल नाही म्हणाला. बाकीच्याला हो.

अनसूयानं फडक्यात बर्फ बांधून दिला,
काही न विचारता.
जेवायला काही देऊ नको म्हटलं, भूल द्यावी लागली तर.

हुसेनभाईची रिक्षा.
"पोटात दुखतंय का पोराच्या?"
हो म्हणणं सोपं होतं.
"पोट नाही," मी म्हणालो, "गोटीला मार लागलाय."
रिक्षात तो शब्द
पहिल्यांदा बाहेर पडला, आणि काही कोसळलं नाही.
फक्त हुसेनभाई
प्रत्येक स्पीडब्रेकर हळू घ्यायला लागला.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात.
सिव्हिलमध्ये जावई नव्हता.
डॉक्टर होती, भूमेशपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी,
पेनाचं टोपण दातात धरलेली.
भूमेशनं भिंतीकडे तोंड फिरवलं.
तिनं एवढंच विचारलं,
"किती वाजता लागलं?"
आणि बोटांवर तास मोजले.

सोनोग्राफी झाल्यावर मला बाजूला घेतलं.
"आत पीळ पडलाय काका,
ज्या दोरीतून रक्त जातं, त्या दोरीलाच.
मारानं कधीकधी पडतो.
आत्ताच उलगडायला हवा. सकाळपर्यंत थांबला असता,
तर उलगडून उपयोग नव्हता."

मी विणकर माणूस.
पीळ मला कुणी शिकवायला नको.
सुताला पीळ बसतो तेव्हा सूत सूत होतं,
आणि जास्त झाला की गाठ मारतं, तुटतं.
बाकड्यावर बसून बोटं
उगाच उलट्या दिशेला फिरत राहिली.

अडीचला ती बाहेर आली. "वाचलं," म्हणाली.
"काळं पडत चाललं होतं. रंग परत आला."

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या लक्ष्मीकाकू
शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन आल्या.
"काय झालं म्हणायचं रे?"
भूमेशनं माझ्याकडे बघितलं.
मी खिडकीकडे.
मी तरी कुठं इतका शूर होतो.

"अपेंडिक्स," तो म्हणाला.
मग दारातल्या त्याच्या तीन दोस्तांकडे वळून, हळूच,
काकूंना ऐकू जाणार नाही असं,
"नाही बे. या, बसा. सांगतो."